घरातला अबोला आणि मराठी विनोदी चित्रपट



आई-बापांचे आणि मुलांचे पटत नाही, ही तक्रार आपल्या घरांइतकीच जुनी आहे. मराठी बोलपटांनी ती पुष्कळदा हसण्यावारी नेली. पण म्हणून ती हलकी ठरत नाही. कोणत्या काळी माणसे घरातल्या कोणत्या गोष्टीला हसली, हे पाहिले म्हणजे त्या काळचे घराचे दुखणे कळते. तीन चित्रपटांच्या आधारे आम्ही ते पाहणार आहोत. त्यांतला तिसरा आपल्या लातूर जिल्ह्याशी नाते सांगणारा आहे.

पहिला राजा परांजपे यांचा १९५२ सालचा 'लाखाची गोष्ट'. मुलीला मागणी घालणाऱ्या गरीब कलावंतापुढे तिचा श्रीमंत बाप अट ठेवतो, की एक लाख रुपये एका महिन्यात खर्च करून दाखव. हसू पैशाच्या फजितीचे आहे. तंटा मात्र लग्नाचा, आणि त्यात शेवटचा शब्द बापाचा.

दुसरा १९८५ सालचा 'धूमधडाका'. महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. त्याची गोष्ट १९६४ सालच्या 'कादलिक्क नेरमिल्लै' या तमिळ चित्रपटावरून घेतलेली होती. शरद तळवलकरांनी रंगविलेला धनिक बाप, आणि त्याची संमती मिळविण्यासाठी सोंगे घेणारी तरुण मंडळी! मधे तेहतीस वर्षे गेली, तरी बापाचा होकार हीच अडचण राहिली. तमिळ कथा मराठीत इतकी सहज रुळली, याचा अर्थ दोन्हीकडचा बाप एकाच मातीचा होता. मुले त्याला फसवीत, पण त्याच्याशी बोलत नसत.

तिसरा 'बालक-पालक'. तो ४ जानेवारी २०१३ रोजी पडद्यावर आला. दिग्दर्शन रवी जाधव यांचे, लेखन गणेश पंडित व अंबर हडप यांचे. निर्मात्यांपैकी रितेश देशमुख हे आपल्या बाभळगावच्या घराण्यातले. इथे होकाराचा प्रश्नच उरलेला नाही. चाळीतली एक तरुण मुलगी बदनाम होऊन निघून जाते. तिने 'शेण खाल्ले' असे मोठी माणसे म्हणतात, पण त्याचा अर्थ मुलांना कोणी सांगत नाही. मग तो शोधायला निघालेली मुले चोरून व्हिडिओ पाहतात. आपण त्यांच्या भाबडेपणाला हसतो, आणि हसताना ध्यानात येते की त्यांना भलत्या वाटेला आपल्याच मौनाने लावले. अखेर समजूतदारपणे बोलतात ते किशोर कदम यांनी साकारलेले कदमकाका. आई-बापांनी करायचे काम शेजाऱ्याला करावे लागले.

ही मुंबईकडची चाळ, तिचे किल्लारीला काय, असे कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपूर्वी इथली घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, माळवदाची होती. ओसरीवर वडीलधारे, आत बायका, आणि मुलांना चुलतभावंडांचा व आजीचा आधार. त्या पहाटे घरे माणसांवर कोसळली. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. जीव वाचविणारे घर हवेच होते, त्याबद्दल दुमत नाही. पण एवढ्या जागेत आजी, चुलते, भावंडे सारी मावतील कशी? आई-बाप आणि मुले चाळीसारखीच जवळ आली. एकाची खोकल्याची उबळ दुसऱ्याला ऐकू येते. मनातले मात्र ऐकू येत नाही.

पूर्वी मूल आईला विचारता आले नाही तर आजीला विचारी. आता ते हातातल्या मोबाइलला विचारते. त्या उत्तराला ना वय कळते, ना लाज, ना माया. म्हणून 'बालक-पालक' पाहून नुसते हसून घरी जाणे पुरेसे नाही, असे आम्हांस वाटते. पन्नास वर्षांपूर्वीच्या बापाकडून मुलांना संमती हवी होती. आजच्या आई-बापांकडून त्यांना उत्तर हवे आहे. ते अवघड वाटेल, पहिल्या खेपेस जीभही अडखळेल. तरी ज्या विषयावर मूल आज प्रश्न विचारीत आहे, त्याचे उत्तर त्याला आपल्याच घरात, आपल्याच भाषेत आणि वेळेवर मिळाले पाहिजे.