उत्तर देणारी जाहिरात

रस्त्यानें हांक देत जाणारा भाजीवाला हा जाहिरातीचा सर्वांत जुना प्रकार होय असें मानण्यास हरकत नाहीं. त्या जाहिरातीचा विशेष असा कीं, ती ऐकणाऱ्यास उत्तर देत असे. खिडकींतून कोणीं भाव विचारला म्हणजे तो थांबे, दोन पैसे कमी करी, मेथीची जुडी उलटसुलट करून दाखवी. पुढें छापखाना आला. जाहिरात भिंतीवर आणि वर्तमानपत्रांत जाऊन बसली. ती दूरवर पोंचली, परंतु मुकी झाली. वाचकानें तिजकडे पाहिलें काय आणि पान उलटलें काय, तिला त्याचा पत्ता नसे. ही गेलेली वाचा संगणकानें तिला परत मिळवून दिली. त्या कथेचा एक मोठा भाग विद्यार्थ्यांच्या हातून घडलेला आहे, आणि आज तोच मुख्यतः सांगावयाचा आहे.

आज कलाशाळांतून विद्यार्थ्यांस असा पाठ देतां येतो कीं, एक जाहिरात करा, पण ती चित्र म्हणून काढूं नका, आज्ञावली म्हणून लिहा. समजा, जाहिरात चहाची आहे. पडद्यावर कप आहे. पाहणारा माउस जिकडे नेईल तिकडे वाफ वळते. कपावर टिचकी मारली कीं चहा ढवळला जातो. हें सारें ‘अमुक झालें तर तमुक कर’ अशा वाक्यांनीं लिहावें लागतें. म्हणजे रंग निवडण्यापूर्वींच पाहणाराच्या प्रत्येक कृतीचा विचार करणें भाग पडतें. त्यानें कांहींच केलें नाहीं तर वाफेनें काय करावें, याचाहि. माझ्या मतें या पाठांतील खरें शिक्षण तें हेंच. मुक्या जाहिरातीच्या कर्त्याला समोरच्या माणसाला एकदांच कल्पावें लागे. येथें त्याला क्षणोक्षणीं कल्पावें लागतें.

हा पाठ शक्य झाला तो अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेमुळें. तेथें म्युरिएल कूपर या विदुषीनें मुद्रणकला आणि संगणक यांची सांगड घालण्याचा प्रयत्न १९७० नंतरच्या दशकांत आरंभिला. १९९४ सालीं त्या वारल्या. दोन वर्षांनीं तेथें जॉन माएडा अध्यापक म्हणून आले. हे गृहस्थ त्याच संस्थेंत अभियांत्रिकी शिकले आणि मग जपानांत जाऊन कला शिकले. असा योग विरळा. मोरिसावा या अक्षरमुद्रा करणाऱ्या जपानी कंपनीसाठीं त्यांनीं १९९६ सालीं दहा भित्तिपत्रें आज्ञावलीच्या साहाय्यानें सिद्ध केलीं. तीं कागदावरचीं, म्हणून मुकींच. परंतु त्याच सुमारास त्यांनीं पडद्यावर चौकोन असे मांडले होते कीं, माणूस बोलला म्हणजे ते त्याच्या आवाजानें हलत.

१९९९ सालीं माएडा यांनीं ‘डिझाइन बाय नंबर्स’ नांवाची एक लहानशी संगणक-भाषा प्रसिद्ध केली. तिची कृपणता पाहण्यासारखी आहे. चित्राची जागा शंभर बिंदु रुंद आणि शंभर बिंदु उंच. रंग नाहींतच, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत शून्य ते शंभर अशा छटा. ‘पेपर’, ‘पेन’, ‘लाइन’ अशीं साधीं क्रियापदें. ज्याला गणिताची भीति वाटते त्या चित्रकाराला ही पाटीच होती. तिच्यावरून पुढें त्यांच्याच दोन विद्यार्थ्यांनीं, बेन फ्राय आणि केसी रीस यांनीं, २००१ सालीं ‘प्रोसेसिंग’ ही भाषा सुरू केली, आणि ती कोणासहि विनामूल्य दिली. तिच्यांत आज्ञावलीला ‘स्केच’, म्हणजे कच्चें रेखाटन, म्हणतात. तिचा एक भाग एकदांच चालतो आणि दुसरा साधारणपणें सेकंदाला साठ वेळां. पाहणाराचा माउस कोठें आहे हें सांगणारे दोन आंकडे लेखकाच्या हातीं आयतेच असतात. वाफ वळते ती त्या दोन आंकड्यांवर.

आतां नाण्याची दुसरी बाजू. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं ‘हॉटवायर्ड’ हें नियतकालिक महाजालावर निघालें, आणि त्यांत एटी अँड टी या कंपनीची एक आडवी पट्टी होती. येथें कधीं माउसनें टिचकी मारली आहे काय, असा तिचा प्रश्न होता आणि पुढें माराल असें भाकित. पाहणारांपैकीं ४४ टक्के लोकांनीं ती मारली असें सांगतात. टिचकी मारणाऱ्यास कलासंग्रहालयांची सफर घडे. आरंभ मोठा सुसंस्कृत होता म्हणावयाचा! त्याच वर्षीं नेटस्केप कंपनींत लू माँटुली यांनीं ‘कुकी’ शोधून काढली. महाजालास स्वतःची स्मृति नसते. एक पान दिलें कीं मागणारा कोण तें तें विसरतें. दुकानांत घेतलेल्या वस्तु टोपलींत टिकाव्या म्हणून पाहणाराच्या यंत्रावरच एक चिठ्ठी ठेवण्याची ही युक्ति. १९९६ सालीं निघालेल्या डबलक्लिक या कंपनीनें तीच चिठ्ठी अनेक ठिकाणच्या जाहिरातींना जोडली, म्हणजे एका दारीं दिसलेला माणूस दुसऱ्या दारीं ओळखूं येऊं लागला. ३१० कोटी डॉलरांना ही कंपनी विकत घेण्याचें गूगलनें २००७ सालीं जाहीर केलें. भाजीवाल्यालाहि गिऱ्हाईक ओळखूं येई. पण गिऱ्हाइकालाहि तो ओळखूं येई.

विद्यार्थ्याच्या वाफेंत आणि या व्यापारांत कच्चा माल एकच आहे: पाहणाराची हालचाल. वाफेला दिलेले ते दोन आंकडे एका ओळीच्या भरीनें कोठेंतरी नोंदवून ठेवतां येतात, आणि पाहणाराला पडद्यावर त्याचा मागमूसहि लागत नाहीं. ती ओळ लिहावी कीं नाहीं, हें ठरविणारा पहिला माणूस म्हणजे आज्ञावली लिहिणारा. पूर्वीं तें कलावंताच्या हातीं नव्हतें, कारण त्याला लिहितांच येत नव्हतें.

या काळांतील पुष्कळ उत्तर देणाऱ्या जाहिराती ‘फ्लॅश’ या साधनांत केलेल्या होत्या. ३१ डिसेंबर २०२० रोजीं अडोबी कंपनीनें त्याचा आधार काढून घेतला, आणि साध्या संगणकावर त्या आतां उघडत नाहींत. शंभर वर्षांपूर्वींची मुकी जाहिरात ग्रंथालयांतील फायलींत अजून वाचतां येते. वीस वर्षांपूर्वींची बोलकी जाहिरात मात्र बहुधा दुरूनच ऐकावयाची. प्रोसेसिंगमधील जुनी स्केचें साध्या मजकुराचीं असतात. तीं एखादे वेळीं चाललीं नाहींत तरी वाचतां येतात, आणि पाहणाराच्या हाताची खबर कोठें गेली, वाफेकडे कीं वहीकडे, हें त्यांत ओळीओळीनें दिसतें.