अडीच सूत आणि आठ एमएम

बोल्ट आवळता आवळता हाताला एकाएकी हलका लागतो, पाना फुकट फिरू लागतो, आणि फिटर मान वर न करता म्हणतो, "आटे गेले!" गाडीच्या मालकाला त्यातले गांभीर्य लगेच कळत नाही. बोल्ट गेला तर दुसरा आणू, असे त्याला वाटते. पण गेलेले असतात ते भोकातले आटे, आणि ते भोक इंजिनच्या हेडमध्ये किंवा ब्लॉकमध्ये असते. गाडी नवी असेल तर तो भाग विकत मिळतो. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, अॅम्बॅसडरचे २०१४ च्या मे महिन्यात. आता या गाड्यांचे हेड म्हणजे जे आहे तेच सांभाळायचे. म्हणजे भोक दुरुस्त करणे आले. ते कसे करायचे हा प्रश्न वरवर फिटरचा असला तरी त्याचे मूळ शोधत गेलो तर आपण १८४१ सालच्या इंग्लंडात जाऊन पोचतो.

त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच याची काही खात्री नसे. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट जमवले, मोजले, आणि त्यांची सरासरी काढून १८४१ मध्ये एक पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, माथा गोल, आणि प्रत्येक जाडीला दर इंचामागे आट्यांची ठराविक संख्या. इंग्लंडच्या रेल्वेने ती उचलली आणि रेल्वेबरोबर ती हिंदुस्थानात आली. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये वेगळी पद्धत सुचवली. कोन ६० अंशांचा, माथा सपाट, बनवायला सोपी. युरोपातल्या देशांनी १८९८ मध्ये झुरिचला जमून मिलिमीटरमधली तिसरी पद्धत ठरवली. तिचाही कोन ६० अंशांचाच. मोटारींच्या धक्क्यांना व्हिटवर्थचा जाड आटा सैल पडतो म्हणून इंग्रजांनी १९०८ मध्ये बारीक आट्यांची बीएसएफ ही आणखी एक मालिका काढली.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण सगळ्यात गमतीचा प्रकार घडला तो मॉरिस गाड्यांत. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य पॅरिसच्या दिशेने येऊ लागले तेव्हा हॉचकिस या फ्रेंच शस्त्र कंपनीने इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीला कारखाना उघडला. युद्ध संपल्यावर तोफाबंदुकांचे काम आटले आणि १९१९ पासून तिथे मॉरिससाठी इंजिने बनू लागली. यंत्रे फ्रेंच, त्यामुळे आटे मिलिमीटरचे. इंग्लंडातल्या गॅरेजांत पाने मात्र व्हिटवर्थचे! मग तोड काय काढली? बोल्टचे आटे फ्रेंच ठेवले आणि डोके इंग्रजी मापाचे केले. मॉरिसने १९२३ मध्ये तो कारखाना विकत घेतला, तरी ही रीत पुढे पन्नाशीच्या दशकापर्यंत चालू राहिली. बाहेरून पाना लावून पाहणाऱ्याला बोल्ट अस्सल इंग्रज वाटायचा, आत जाणारा आटा फ्रेंच निघायचा. इंग्लंडातले जुन्या गाड्यांचे शौकीन आजही या प्रकाराला 'वेडे मेट्रिक' म्हणतात. आपल्याकडची हिंदुस्तान टेन ही मॉरिस टेनचीच आवृत्ती. म्हणजे ते वेडही आयात झाले.

शहाणपण सुचले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. रोल्स रॉइसचे मर्लिन हे विमानाचे इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतले तेव्हा इंग्रजी आट्यांसाठी लागणारे टॅप आणि डाय तिला स्वतः बनवून घ्यावे लागले होते. असले अनुभव पाठीशी असल्याने नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून इंचाचा एकच आटा ठरवला. कोन ६० अंश. त्यातल्या बारीक मालिकेला आपल्याकडचे फिटर यूएनएफ म्हणतात. अॅम्बॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन या आट्यांचे. फियाट ११०० आणि तिचीच पुढची पद्मिनी इटालियन वंशाची, म्हणून मिलिमीटरची. महिंद्राची जीप अमेरिकन वंशाची, म्हणून पुन्हा इंच.

गोव्यात हा गुंता जरा जास्तच झाला. दिल्ली सरकारच्या १९५३ सालच्या धोरणानंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातून गाशा गुंडाळला आणि परदेशी गाडी मिळणे दुरापास्त झाले. गोव्याला ते निर्बंध लागू नव्हते. खाणींचा पैसा खेळू लागला होता आणि इथे परदेशी गाड्या बोटींतून उतरत होत्या. १९ डिसेंबर १९६१ नंतर त्या गाड्या इथेच राहिल्या, त्यांच्या सुट्या भागांची वाट मात्र बंद झाली. पुढे त्यांच्या शेजारी अॅम्बॅसडर, फियाट आणि जीप येऊन उभ्या राहिल्या. म्हणजे एकाच गॅरेजात, एकाच फिटरच्या हाताखाली, व्हिटवर्थ, बीएसएफ, यूएनएफ आणि मेट्रिक अशी चार कुळे नांदू लागली. गॅरेजातले जुने बोल्ट तर एकाच डब्यात पडायचे.

आता त्या डब्यातून एक बोल्ट उचला. आपल्याकडे इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. पाव इंची बोल्ट दोन सुती, त्याच्या पुढचा अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंच. मिलिमीटरमध्ये हे माप ७.९४ भरते. मेट्रिकचा आठ एमएमचा बोल्ट आहे ८.००. फरक सहा शतांश मिलिमीटरचा, डोळ्याला दिसणे अशक्य. पण आटे मोजले तर? अडीच सुतीत व्हिटवर्थचे दर इंचाला १८, बीएसएफचे २२, यूएनएफचे २४. आठ एमएमच्या नेहमीच्या बोल्टचा आटा सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला साधारण २०. मॉरिसच्या त्या वेड्या मेट्रिकचा आटा एक मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला २५ च्या वर. यातला कुठलाही बोल्ट दुसऱ्याच्या भोकात हाताने दोन-तीन फेरे बिनतक्रार जातो. मग अडतो. तिथे थांबायचे असते. पण हातात लांब दांड्याचा पाना असला की पोऱ्याला वाटते, गंजला असेल, आणि तो जोर लावतो. भोक बिडाचे असेल तर निदान बोल्ट तुटून निषेध तरी नोंदवतो. ॲल्युमिनियमचे असेल तर ते मुकाट्याने कापले जाते, बोल्ट घट्ट बसल्यासारखाही वाटतो, आणि दोन महिन्यांनी तेल गळायला लागते.

म्हणूनच अॅम्बॅसडरपेक्षा फियाटवाल्यांनी हे दुखणे जास्त भोगले. अॅम्बॅसडरच्या त्या इंजिनचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. फियाटचे हेड ॲल्युमिनियमचे. त्यात प्लगची भोके. प्लगचा आटा १४ एमएमचा, तो मात्र इंग्रज गाडीतही मेट्रिकच. गरम इंजिनात प्लग उघडणे, वाकडा धरून पान्यानेच फिरवायला सुरुवात करणे, अशा सवयींनी किती हेडांचे वाटोळे झाले त्याची गणती नाही. त्यात आपली खारी हवा. लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ओल शिरली की पांढरी भुकटी धरते, बोल्ट जाम होतो, आणि निघताना आटे सोबत घेऊन येतो.

तर मग दुरुस्ती. जुना सोपा उपाय म्हणजे भोक मोठे करणे. आठ एमएम गेला, दहाचा टॅप मारा. अडीच सुती गेला, तीन सुतीवर जा. काम अर्ध्या तासाचे, खर्च एका बोल्टचा. माझे मत या उपायाच्या विरुद्ध आहे, आणि ते निव्वळ शौकिनाचे नाही. भोकाभोवतीची भिंत पातळ होते. शेजारी पाण्याचा मार्ग असेल तर ड्रिल त्यातच उतरू शकते. जोडीच्या भागाचे भोकही मोठे करावे लागते. आणि पुढच्या वेळी हे आटे गेले तर वर जायला जागाच उरत नाही. शिवाय एकाच हेडवर दोन मापांचे बोल्ट झाले की पुढचा फिटर चुकीच्या जागी चुकीचा बोल्ट आवळणार हे ठरलेलेच.

दुसरा उपाय बुशाचा. लेथवर पोलादाचा किंवा पितळेचा बुश कातायचा, त्याला बाहेरून आटे, आतून मूळ मापाचे आटे. भोक वाढवून त्यात तो बसवायचा आणि फिरू नये म्हणून कडेला पंच मारायचा. खाणींचे ट्रक आणि मांडवी-झुआरीवरच्या बार्जेस यांच्या कामावर तयार झालेले टर्नर आपल्याकडे होते, त्यांना ही गोष्ट डाव्या हातची. म्हापशाच्या एका वर्कशॉपमध्ये मी असा एक बुश कातताना पाहिला आहे, तो पद्मिनीच्या प्लगसाठी होता. म्हातारा टर्नर नवशिक्या पोराच्या हातात थ्रेड गेज देऊन एवढेच म्हणाला, "आदीं मेज, मागीर घाल." पोराने बोल्टवर तीन पाती लावून पाहिली, चौथे बसले.

तिसरा उपाय हेलिकॉइलचा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विमानाच्या इंजिनांसाठी अमेरिकेत तो रुजला, कारण तिथेही दुखणे हेच होते, हलका धातू आणि पोलादी बोल्ट. ही म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग. तारेचा छेद चौकटच्या एक्क्यासारखा. आठ एमएमसाठी भोक ८.३ एमएमपर्यंतच वाढवायचे, त्याच्या खास टॅपने आटे मारायचे आणि स्प्रिंग पिळून आत बसवायची. वरच्या कडेपासून पाव ते अर्धा आटा खाली गेली की तिच्या तळाची शेपटी मोडून बाहेर काढायची. स्प्रिंग उलगडू पाहते म्हणून भोकाला घट्ट धरते. आत मूळ आठ एमएमचाच आटा तयार, तोही पोलादाचा. मूळ ॲल्युमिनियमपेक्षा टिकाऊ. भिंतीतला धातू अगदी थोडा जातो. काम सोपे वाटते, पण ड्रिल सरळ धरले नाही तर बोल्ट जन्मभर तिरका.

प्लगच्या भोकात आणखी एक धास्ती असते. ॲल्युमिनियमचा चुरा सिलिंडरमध्ये पडला तर प्लग वाचवताना भिंतीवर ओरखडे उठतात. म्हणून हेड उतरवून काम करणे सर्वांत चांगले. तसे जमत नसेल तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचे, दर दोन फेऱ्यांनी टॅप काढून पुसायचा, आणि शेवटी हवेचा फवारा. आणि इथे स्प्रिंगपेक्षा अखंड बुश बरा. प्लग वरचेवर निघतो आणि त्याच्याबरोबर स्प्रिंगही उलगडून यायची.

कारखान्यांनाही हे शहाणपण उशिराच सुचले. फोक्सवॅगन बीटलचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. इंजिन तापले की तो धातू पोलादी स्टडपेक्षा जास्त फुगतो, स्टड ताणला जातो आणि आट्यांसकट बाहेर ओढला जातो. अनेक वर्षे मालकांनी बुश घालून घेतल्यावर सत्तरच्या दशकात कंपनीने स्वतःच पोलादी बुश घालून क्रँककेस द्यायला सुरुवात केली, आणि दहा एमएमचे स्टड आठ एमएमचे केले. बारीक स्टड किंचित लांबतो, आट्यांवरचा ताण तो स्वतः घेतो. आपला फिटर मात्र दहाचा गेला की बाराकडे बघतो.

गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, पुढे सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि लेथवाल्यांचे काम ओसरले. म्हापशाचे ते वर्कशॉप आज नाही. हेलिकॉइलची पेटी आता कुरियरने घरपोच येते, ड्रिल आणि टॅपसकट. थ्रेड गेज त्यात नसते. ते वेगळे मागवावे, इंचाचे आणि मिलिमीटरचे दोन्ही. आणि हेडला बुश घातला असेल तर त्याचे माप रंगाने शेजारी लिहून ठेवावे, पुढे उघडणाऱ्याला कळेल असे.