निक्कोची वृक्षवीथी आणि सम्राट अशोकाचा वड

जपानच्या तोचिगी प्रांतातील निक्को येथे तोकुगावा इएयासू या शासकाचे समाधिस्थान, तोशोगू, आहे. तेथे जाणाऱ्या तीन मार्गांच्या दुतर्फा सुगी नावाच्या उंच सूचिपर्णी वृक्षांच्या रांगा आहेत. त्यांची एकूण लांबी सुमारे ३५ किलोमीटर असून आज सुमारे १२ हजार वृक्ष उभे आहेत. मात्सुदाइरा मासात्सुना या सरदाराने १६२५ च्या सुमारास लागवडीस आरंभ केला, ती वीस वर्षे चालविली आणि १६४८ मध्ये हे वृक्ष देवस्थानास अर्पण केले.

आज तोशोगू शिंतो देवस्थान म्हणून ओळखले जाते. परंतु ७६६ मध्ये शोदो या भिक्खूने निक्को येथे विहार स्थापिला होता. आजचे रिन्नोजी त्याच परंपरेतील होय. इएयासूला मरणोत्तर दैवतपद देणारा तेन्काई हाही तेंदाई संप्रदायाचा भिक्खू होता. बौद्ध व शिंतो स्थळे विभक्त करण्याचा राजादेश निघाला तो १८६८ मध्ये.

शासकाचे असे दैवतीकरण तथागतांच्या शिकवणीशी जुळत नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. वृक्षदानाचे मात्र तसे नाही. संयुक्त निकायातील वनरोप सुत्तात बाग व वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई, विहीर व निवारा देणारे यांचे पुण्य अहोरात्र वाढते, असे सांगितले आहे. ही सर्व दाने वाटसरूंची आहेत; त्यांत घेणाऱ्याची जात वा दर्जा विचारला जात नाही.

सम्राट अशोकाने दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात, मनुष्यांना व पशूंना सावली मिळावी म्हणून मार्गांवर वड लावविल्याचे नोंदविले आहे. अशा सोयी पूर्वीच्या राजांनीही केल्या. आपण त्या केल्या त्या लोकांनी धम्माचे आचरण करावे म्हणून, असेही तो तेथेच सांगतो. या भूमीत पुढे काय घडले? पेशवाईत अस्पृश्याची सावली पडून विटाळ होऊ नये म्हणून, सवर्ण हिंदू येत असता त्याला सार्वजनिक रस्त्यावर मज्जाव होता, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये आपल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात दाखवून दिले. ज्या देशात राजाने सर्वांसाठी सावली लावली, तेथेच माणसाची सावली अपवित्र ठरली. २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह पाण्यासाठी होता, तसाच तो सार्वजनिक स्थळांवरील समान हक्कासाठीही होता.

निक्कोचे वृक्षही आपोआप टिकलेले नाहीत. वाहनांचा धूर आणि मुळांवर दाबली जाणारी माती यांमुळे अनेक वृक्ष नष्ट झाले. म्हणून वीथीच्या काही भागांत वाहनांना बंदी करण्यात आली. १९९६ पासून एका वृक्षामागे १ कोटी येन देऊन त्याचे पालकत्व घेण्याची योजना सुरू झाली; त्या निधीच्या उत्पन्नातून संवर्धन होते. लावणाराइतकेच राखणाराचेही दान मोठे आहे.

भोर तालुक्यातील किकवी पुणे-सातारा महामार्गावर वसले आहे. तेथून दक्षिणेस नीरा ओलांडली की शिरवळजवळ प्राचीन बौद्ध लेणी आहेत. रुंदावलेल्या महामार्गाने प्रवास वेगवान झाला. पायी चालणाराच्या सावलीचा विचार मात्र कुणीतरी करावयास हवा. या परिसरातील उपासक-उपासिकांनी विहाराकडे व लेण्यांकडे जाणाऱ्या वाटांवर वड, पिंपळ लावावेत आणि प्रत्येक रोपाची जबाबदारी एकेका कुटुंबाकडे सोपवावी. धम्मयात्रेस येणारा उपासक आणि शेतावरून परतणारा शेतमजूर दोघेही त्या सावलीत बसतील. वनरोप सुत्ताचे आचरण ते हेच.