लंडनची शाकाहारी आशियाई पंगत

लंडनमध्ये आशियाई पद्धतीचे शाकाहारी जेवण कोठे मिळते, हे कळायला त्या शहरातील वस्त्यांचा इतिहास माहीत असावा लागतो. वेंबलीत गुजराती फरसाण मिळते, ईस्ट हॅममध्ये डोसा, तर युस्टन स्थानकाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरी. यातली एकही गोष्ट योगायोगाने तिथे आलेली नाही. कोणता समाज कोणत्या साली, कोठून आणि कशा परिस्थितीत येऊन कोठे स्थिरावला, त्यावर त्या त्या भागातले ताट ठरले. या इतिहासाचा पहिला अध्याय मात्र इंग्रजांनी लिहिला.

हिंदुस्थानी जेवण लंडनला त्याआधीच ठाऊक झाले होते. शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ उघडले. भारतात नोकरी करून परतलेल्या साहेबांना तिथली चव आणि हुक्का मिळावा, हा त्यांचा उद्देश होता. दोनच वर्षांत त्यांचे दिवाळे निघाले. त्या खाद्यगृहात शाकाहाराला वेगळे स्थान असण्याचे कारण नव्हते, कारण गिऱ्हाईक मांसाहारी होते. शाकाहाराची चळवळ वेगळ्या वाटेने आली. १८४७ मध्ये रॅम्सगेट येथे ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ स्थापन झाली. आरोग्य, काटकसर, प्राणिदया आणि मद्यपानबंदी या विचारांतून तिला बळ मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत लंडनमध्ये डझनावारी शाकाहारी उपाहारगृहे निघाली. कारकून आणि दुकानांतले नोकर तिथे स्वस्तात दुपारचे जेवत.

मोहनदास गांधी १८८८ मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला आले, तेव्हा शहराची स्थिती अशी होती. मांसाला शिवणार नाही, असे वचन त्यांनी आईला दिले होते. घरमालकीण पावाच्या एक-दोन चकत्या आणि उकडलेल्या भाज्या वाढी आणि संकोची स्वभावाच्या तरुणाला अधिक मागवत नसे. भुकेपोटी ते रोज दहा-बारा मैल पायपीट करीत आणि शाकाहारी खाणावळी शोधत. अशाच एका फेरीत त्यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवरचे ‘सेंट्रल रेस्टॉरंट’ सापडले. दारातच विक्रीला ठेवलेले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक त्यांनी विकत घेतले, आणि इंग्लंडमध्ये आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण तिथे घेतले. तोवर वचनापोटी पाळलेला शाकाहार त्यानंतर त्यांनी विचारपूर्वक स्वीकारला. पुडिंगमध्ये किंवा केकमध्ये अंडे आहे का, हे मात्र त्यांना शाकाहारी खाणावळीतही विचारावे लागे, कारण इंग्रज शाकाहारी अंडी वर्ज्य मानीत नसत.

पुढे ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेले. बेझवॉटर भागात त्यांनी एक शाकाहारी क्लब काढला. ‘द व्हेजिटेरियन’चे संपादक जोशाया ओल्डफील्ड त्याचे अध्यक्ष, कवी एडविन अर्नोल्ड उपाध्यक्ष आणि गांधी चिटणीस होते. १८९१ मध्ये मायदेशी परतताना त्यांनी स्नेह्यांना निरोपाचे जेवण दिले, तेही जाणूनबुजून हॉलबर्न या मांसाहारी उपाहारगृहात. शाकाहारी खाणावळीत शाकाहारी जेवण मिळणारच. ते सर्वसाधारण उपाहारगृहातही मिळायला हवे, असा त्यांचा विचार होता. व्यवस्थापकांशी आधी बोलून त्यांनी पूर्ण शाकाहारी बेत ठरवला. आज सर्वसाधारण उपाहारगृहे शाकाहारी पाहुण्यांची जी सोय करतात, तिचे हे एक आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

याच शहरात २४ ऑक्टोबर १९०९ रोजी हिंदी विद्यार्थ्यांनी विजयादशमीचे भोजन योजले. अध्यक्षस्थानी तेव्हा पुन्हा लंडनला आलेले गांधी होते आणि वक्त्यांत विनायक दामोदर सावरकर. जेवण शाकाहारी असावे, या अटीवर गांधींनी निमंत्रण स्वीकारले होते. स्वयंपाक विद्यार्थ्यांनीच मिळून केला. विचारांनी दोन ध्रुवांवर असलेली माणसे त्या दिवशी एका पंगतीला बसली.

दोन महायुद्धांच्या काळात आणि त्यानंतरही हिंदी विद्यार्थ्याचा खरा आधार घरगुती खाणावळ हाच होता. मराठी वाचकांना यातले एक नाव परिचित आहे. विदर्भातून गेलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या राधाबाई बनारसे यांनी पतीच्या निधनानंतर लंडनमध्ये परदेशी शिकणाऱ्या मुलांसाठी खाणावळ चालवली. ‘लंडनच्या आजीबाई’ म्हणून त्या ओळखल्या जाऊ लागल्या. सरोजिनी वैद्य यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. अशा बायकांच्या स्वयंपाकघरांनी परक्या शहरात आहाराचे नियम पाळणे शक्य केले, आणि उपाहारगृहांच्या इतिहासात त्यांची नोंद असलीच पाहिजे. १९५१ मध्ये इंडिया लीगच्या मंडळींनी काढलेल्या ‘इंडिया क्लब’मध्ये डोसा मिळू लागला. स्ट्रँडवरचा हा क्लब सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला.

त्या काळात ब्रिटनभर पसरलेल्या सर्वसाधारण ‘करी हाउस’ने शाकाहाऱ्याची फारशी सोय केली नाही. ही उपाहारगृहे मुख्यतः सिल्हेटमधून आलेल्या बंगाली मुसलमानांची होती. त्यांतल्या अनेकांचे पूर्वसूरी जहाजांवरचे खलाशी होते. कोंबडी, मटण आणि कोळंबी यांचे ठरावीक रश्श्यांमधले प्रकार हा त्यांच्या खाद्यपत्रिकेचा कणा होता. भाजी आणि डाळ तोंडी लावण्यापुरती येई. इंग्रज गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे बसवलेला तो व्यवसाय होता आणि त्याच्या दृष्टीने तो यशस्वीही ठरला.

वेगळी वाट पडली ती ड्रमंड स्ट्रीटवर. केनियातून १९५६ मध्ये आलेल्या लक्ष्मीशंकर पाठक यांनी केंटिश टाउनमधल्या घरी समोसे आणि मिठाई करून विकायला सुरुवात केली आणि नंतर ड्रमंड स्ट्रीटवर दुकान काढले. लोणची आणि मसाल्यांचा ‘पाटक्स’ हा मोठा उद्योग त्यातूनच वाढला. ‘अंबाला’ हे मिठाईचे दुकान १९६५ पासून याच रस्त्यावर आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे ‘दिवाना भेळपुरी हाउस’ सुरू झाले. मुंबईच्या चौपाटीवरची भेळ आणि शेवपुरी, दक्षिणेचा डोसा आणि गुजराती थाळी एकाच पत्रिकेवर आली. युस्टन स्थानक, जवळचे विद्यापीठ आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांमुळे स्वस्त व पोटभर खाण्याला गिऱ्हाईक मिळाले. शेजारी ‘रवी शंकर’ आणि ‘चटनीज’ ही शाकाहारी उपाहारगृहेही उभी राहिली. मांसाचा पदार्थ पत्रिकेवर नसल्याने इथे आलेल्या शाकाहाऱ्याला काही विचारावेच लागत नसे.

शाकाहारी जेवणाला खरा विस्तार मिळाला तो पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजरात्यांमुळे. केनियातील हिंदी कुटुंबे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनला येऊ लागली आणि १९६८ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून हा ओघ आवळला. ऑगस्ट १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यांतले सुमारे २८ हजार जण ब्रिटनमध्ये आले. मालमत्ता मागे राहिली; व्यापाराचे ज्ञान आणि स्वयंपाकाची रीत तेवढी बरोबर आली. यांतल्या अनेकांनी वायव्य लंडनच्या वेंबली आणि हॅरो भागांत घरे केली. ईलिंग रोडवर भाजीची, साड्यांची आणि फरसाणाची दुकाने लागली. ‘साकोनीज’सारख्या शाकाहारी खाद्यगृहांच्या पत्रिकेवर या प्रवासाचे सगळे टप्पे दिसतात. गुजरातचा ढोकळा, मुंबईची चाट, भारतीय-चिनी पद्धतीचे चिली पनीर आणि आफ्रिकेतला मोगो तिथे शेजारी शेजारी असतात. मोगो म्हणजे कसावा, ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा तयार होतो. तळून, तिखटमीठ लावून तो खाल्ला जातो. दक्षिणेकडच्या टूटिंगमध्ये ‘कस्तुरी’ या उपाहारगृहाने काठियावाडी आणि पूर्व आफ्रिकी रीतींचा असाच मेळ घातला.

या समाजाबरोबर आहाराचे अधिक कडक नियमही आले. जैन कंदमुळे टाळतात. स्वामीनारायण संप्रदायात आणि कृष्णभक्तांत कांदा-लसूण वर्ज्य आहे. हरे कृष्ण पंथाचे लंडनमधले पहिले मंदिर १९६९ मध्ये उघडले. सोहो स्ट्रीटवर आलेल्या त्यांच्या मंदिराला जोडून ‘गोविंदाज’ हे उपाहारगृह चालते. नीसडन येथील स्वामीनारायण मंदिराचे उद्घाटन ऑगस्ट १९९५ मध्ये झाले आणि त्याच्याजवळच ‘शायोना’ हे उपाहारगृह आहे. अशा नियमांमुळे ‘जैन’ ही नोंद गुजराती वस्त्यांतल्या खाद्यपत्रिकांवर सर्रास दिसू लागली.

दक्षिण भारतीय धारा स्वतंत्रपणे वाहत होती. श्रीलंकेत १९८३ मध्ये उसळलेल्या तमिळविरोधी हिंसाचारानंतर हजारो तमिळ कुटुंबे लंडनला आली आणि टूटिंग, ईस्ट हॅम, वेंबली या भागांत इडली-डोशाची उपाहारगृहे वाढली. पुढे चेन्नईच्या ‘सरवणा भवन’नेही ईस्ट हॅममध्ये शाखा काढली. १९९४ मध्ये स्टोक न्यूइंग्टनमध्ये उघडलेल्या ‘रासा’ने केरळचे शाकाहारी जेवण इंग्रज खवय्यांपुढे ठेवले. भारतीय वस्तीवर अवलंबून न राहताही असे उपाहारगृह चालू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

पूर्व आणि आग्नेय आशियाच्या जेवणात अडचण निराळी होती. थाई आणि व्हिएतनामी भाजीत आंबवलेल्या माशांचा सॉस असतो, मलेशियाच्या वाटणात कोळंबीचा आंबवलेला गोळा, चिनी परतलेल्या भाजीत कालवांचा सॉस. जपानी सूपचा आधार असलेल्या दाशीत बहुधा कुपा जातीच्या सुकवलेल्या माशाचा कीस उकळलेला असतो. ताटात मासा दिसत नाही आणि तरी तो असतो. यावर उपायही आशियाच्याच परंपरेत होता. चिनी महायान बौद्ध मठांतून टोफू आणि गव्हाच्या सत्त्वापासून केलेले पदार्थ शतकानुशतके चालत आले आहेत. त्या परंपरेतही कांदा-लसूण वर्ज्य असतो. जपानच्या झेन मठांत दाशी कोंबू या समुद्रशैवालापासून करतात. १९९२ मध्ये ब्लूम्सबरीत सुरू झालेल्या ‘वागामामा’ने नूडल्स सर्वसामान्यांपर्यंत नेल्या. नंतरच्या दशकांत ‘लव्हिंग हट’सारख्या पूर्ण वनस्पतीजन्य जेवणाच्या उपाहारगृहांनी बौद्ध परंपरा आणि व्हीगन चळवळ यांना एकत्र आणले. व्हीगन सोसायटीची स्थापना १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्येच झाली होती.

कायद्याची मदत आडवाटेने मिळाली. डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांना १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक झाले. त्यांत मासे, कोळंबी-खेकडे, कालवे-शिंपले, अंडी आणि दूध येतात. त्यामुळे लपलेला फिश सॉस किंवा पदार्थातले अंडे विचारून खात्रीने कळू शकते. मांसाच्या रश्शाचा मात्र या यादीत समावेश नाही, आणि भारतात बंद पाकिटांवर असतो तसा सक्तीचा हिरवा ठिपका ब्रिटनमध्ये नाही. सूपचे पाणी कशाचे आहे, हे आजही विचारूनच घ्यावे लागते.

२०१० मध्ये हाउन्स्लो येथे मुंबईच्या दोन मित्रांनी ‘श्रीकृष्ण वडापाव’ सुरू केले, तेव्हा या इतिहासात मराठी खाद्यपदार्थाची स्वतंत्र भर पडली. आर्थिक मंदीत नोकरी गेल्यावर निवडलेला हा व्यवसाय हीथ्रो विमानतळाजवळच्या पंजाबी आणि इतर भारतीय वस्तीत रुजला आणि त्याच्या शाखा वाढल्या. सुधारकांच्या खाणावळीत कारकुनांसोबत, मठ-मंदिरांच्या भोजनगृहांत भक्तांसोबत आणि परागंदा झालेल्या कुटुंबांच्या दुकानांत त्यांच्या शेजाऱ्यांसोबत, अशा टप्प्यांनी लंडनचा शाकाहारी जेवू लागला. आज त्याला वस्ती आणि समाज ओळखता आला, की ताटापर्यंतचा रस्ता सापडतो. ती सोय उभी करण्यामागे शंभराहून अधिक वर्षांचे, बहुतांशी स्थलांतरित माणसांचे कष्ट आहेत.