गर्दींतून वाट काढणारा रेणु

पाण्याचा रेणु इतका लहान कीं वाटेंत अडथळा आला तर तो बगल देऊन पुढें जातो. रबर, प्लॅस्टिक अशा वस्तूंचे रेणु मात्र लांबच लांब सांखळीसारखे असतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान स्टाउडिंगर यांनीं १९२० सालीं असें प्रथम मांडलें, तेव्हां व्यवसायबंधूंना तें पटेना. १९५३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तोंपर्यंत तो वाद मिटला होता.

पण त्यांतूनच दुसरा प्रश्न उभा राहिला. श्रोत्यांनीं शिजलेल्या शेवयांचें पातेलें डोळ्यांपुढें आणावें. एक शेवई हलवावी म्हटलें तर भोंवतालच्या पन्नास आड येतात. असे गुंतलेले रेणु हालतात तरी कसे? ते मुळींच न हालते, तर वितळलेलें प्लॅस्टिक सांच्यांत वाहिलेंच नसतें.

ब्रिटिश पदार्थविज्ञानवेत्ते सॅम एडवर्ड्स यांनीं १९६७ सालीं सुचविलें कीं, शेजाऱ्यांच्या दाटीमुळें प्रत्येक सांखळी जणूं एका अरुंद नळींत कोंडली जाते. फ्रान्सचे प्येर-जील द जेन यांनीं १९७१ सालीं त्याहून सोपें चित्र घेतलें: स्थिर खुंटांचें रान आणि त्यांत एकच सांखळी. तिला आडवें सरकतां येत नाहीं, कारण जागोजाग खुंट अडवितात. टोंकें मात्र मोकळीं असतात. कधीं एक टोंक पुढें सरकतें, कधीं दुसरें. आणि बाकीचें अंग त्याच वाटेनें मागोमाग जातें. सापाची चाल ती हीच. लॅटिनमधील 'सरपटणें' या धातूवरून द जेन यांनीं तिला 'रेप्टेशन' हें नांव दिलें.

हिशेब असा निघाला कीं, सांखळी दुप्पट लांब केली तर जुनी नळी सोडून जाण्यास तिला आठपट वेळ लागावा, आणि वितळलेल्या द्रवाचा वाहण्यास होणारा विरोधही तितकाच वाढावा. प्रयोगांत तो सुमारें साडेदहापट वाढे. फरक थोडा नव्हे. नळी ही केवळ सोयीची कल्पना आहे, असें म्हणणारांना त्यामुळें आधार मिळाला. सांखळीचीं टोंकें नळींत सतत आंतबाहेर होत असतात, हें हिशेबांत धरल्यावर अंतर बरेंचसें भरून निघालें. तथापि नळी कोणीं पाहिली होती?

कागदावरचे खुंट प्रत्यक्षांत आले ते १९९२ सालीं. अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथें व्होल्कमुथ व ऑस्टिन यांनीं सिलिकॉनच्या चकतीवर अतिसूक्ष्म खुंटांच्या रांगा कोरल्या व विजेच्या ओढीनें डीएनएचे रेणु त्यांतून नेले. रेणु खुंटावर आदळला कीं त्याचे दोन हात दोन बाजूंस लोंबत. मग रस्सीखेंच चाले, आणि कप्पीवरून दोर निसटावा तसा तो लांब हाताच्या बाजूनें सुटे.

परंतु येथील अडथळे माणसानें कोरलेले होते. रेणूंच्या स्वतःच्या गर्दीचें काय? स्टॅनफर्ड विद्यापीठांत पर्किन्स, स्मिथ आणि चू यांनीं १९९४ सालीं तेंच पाहिलें. डीएनएच्या दाट द्रावणांत त्यांनीं एकच रेणु चमकत्या रंगानें रंगविला, टोंकाला मणि जोडला आणि प्रकाशाच्या चिमट्यानें तो मणि वेड्यावांकड्या वाटेनें ओढला. मणि थांबवितांच ताणलेली सांखळी आंखडूं लागली. भोंवतीं मोकळें पाणी असतें, तर ती वळणें कापून सरळ मण्याकडे आली असती. सूक्ष्मदर्शकाखालीं दिसलें तें वेगळेंच. ती आल्या वाटेनें, एकेक वळण घेत, मण्याकडे सरकत गेली.