पडद्यावरचा बेडूक

इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श केला आणि पाय आखडला. ते निरीक्षण त्याने १७९१ मध्ये छापलं. तेव्हापासून मज्जातंतू आणि स्नायू शिकायचे म्हणजे बेडूक, हे ठरूनच गेलं. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो तेही बेडकावरच मोजलं. पुढे प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याच्या टेबलावर तोच मांडामांड: मेंदूत सुई घालून निकामी केलेला बेडूक, मांडीतल्या मज्जातंतूसकट काढलेला पोटरीचा स्नायू, आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर त्याची थरथर.

आमच्या घरात विज्ञान शाखेचं नाव निघालं की आजी एवढंच विचारायची, "बेडूक कापावा लागतो ना गं?" पंचेंद्रिय जीव तो. मी बेळगावात बी.ए. झाले, त्यात या प्रश्नाचा वाटा मोठा.

माझी भाची आता डॉक्टरकी शिकते. तिचा स्नायू संगणकाच्या पडद्यावर आहे. जर्मनीतल्या मारबुर्गला अशा आभासी प्रयोगशाळा तयार झाल्या, आणि आपल्या पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये औषधांच्या प्रयोगांसाठी 'एक्सफार्म' झालं. माउस दाबून धक्का वाढवायचा. ठरावीक पातळीच्या खाली काहीच होत नाही, मग एकदम आलेख उसळतो. धक्के भराभर दिले की स्नायू सैल पडायलाच विसरतो. चुकलं तर पुन्हा करा, पन्नास वेळा करा. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०११ मध्ये प्राणिशास्त्रातलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं.

मला हे वाचून हायसं वाटलं खरं. पण पडद्यावरच्या मज्जातंतूला कसं वागायचं हे शिकवलं कुणी? हॉजकिन आणि हक्सली या दोघा इंग्रजांनी, १९५२ मध्ये. त्यांनी स्क्विडच्या, म्हणजे कोकणातल्या माकुळाच्या जातीच्या जिवाच्या, सुमारे अर्धा मिलिमीटर जाड मज्जातंतूवर मोजमाप केलं. केंब्रिजचा संगणक तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून हक्सलीने हाताने फिरवायच्या यंत्रावर कित्येक दिवस गणितं सोडवली. १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तीच समीकरणं आजही अशा कितीतरी आभासी मज्जातंतूंच्या मुळाशी आहेत.

आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे हिंसेचे तीन दरवाजे सांगितलेत. भाची म्हणते, "मावशी, पहिले दोन तरी बंद झाले ना!" तिसऱ्याचं काय, ते चातुर्मासात माताजी आल्या की विचारणार आहे.