कान्हेरीची वाट

चालण्याची आवड असलेल्या माणसानें मुंबईंत राहून काय करावें, असा प्रश्न मला पुष्कळदां विचारण्यांत येतो. विचारणारा बहुधा असें गृहीत धरून चालतो कीं, हिंडावयाचें म्हणजे पहांटेच्या अंधारांत लोणावळ्याची गाडी गांठली पाहिजे, पाठीवर ओझें घेतलें पाहिजे, आणि संध्याकाळीं घरीं येऊन पाय चेपीत बसलें पाहिजे. गडकोटांच्या वाटा थोरच. त्यांना माझा नमस्कार असो. परंतु ज्यांचे गुडघे आतां कुरकुर करूं लागले आहेत, किंवा ज्यांच्या बोटाला धरून लहान मुलें चालत आहेत, अशांसाठीं शहराच्या कुशींतच एक सोपी वाट आहे. बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेस उतरून थोडें चाललें कीं राष्ट्रीय उद्यानाचें दार लागतें, आणि तेथून सहा-सात किलोमीटरांवर कान्हेरीचीं लेणीं आहेत. त्या वाटेनें आज आपणांस घेऊन जाण्याचा माझा विचार आहे.

या अरण्याला कधीं कृष्णगिरि उपवन म्हणत, पुढें बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणूं लागले, आणि आतां तें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नांवानें ओळखलें जातें. विस्तार सुमारें एकशें चार चौरस किलोमीटर. सोमवारीं दार बंद असतें, हें मात्र आधींच सांगून ठेवितों. नाहीं तर शिदोरी घेऊन आलेल्या मंडळींनीं दारावरूनच परत फिरावें असें व्हायचें, आणि तसें झालेलें मीं पाहिलें आहे. दाराच्या आंत बाग आहे, मुलांची गर्दी आहे, टेकडीवर गांधीजींचें स्मारक आहे. तेथें फार रेंगाळूं नये. गर्दी अर्ध्या कोसांत विरते, आणि मग सोबतीला दहिसर नदी उरते. ही नदी तुळशी तलावाच्या बाजूनें उतरून येते. पुढें शहरांत शिरल्यावर तिची जी दशा होते ती पाहणाऱ्यास येथलें तिचें खळाळतें रूप खरें वाटणार नाहीं.

रस्ता पक्का आहे आणि चढ अगदीं मंद. दुतर्फा साग, ऐन, करंज, कळंब आणि बांबूचीं बेटें. फाल्गुनांत पळस आणि काटेसावर फुलते, त्या वेळीं सावली कमी पण रंग पुष्कळ. श्रावणांत रंग एकच, हिरवा, पण पाण्याचा आवाज कोठेंही सुटत नाहीं. उतारांवर जी दाट झुडपें दिसतात ती कारवी. ती आठ वर्षांतून एकदां फुलते. येथें ती २०१६ सालीं फुलली, नंतर २०२४ सालीं. ज्यांचें ते दिवस हुकले त्यांनीं हिशेब करून ठेवावा. रानांत बिबटे आहेत. दिवसा मोठ्या रस्त्यानें चालणाऱ्यांस त्यांचें दर्शन सहसा होत नाहीं, तरी आडवाटेस शिरूं नये आणि मुलांना पुढें धांवूं देऊं नये. आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. हें रान निर्जन नाहीं. आंत आदिवासींचे पाडे आहेत, आणि आपण जेथें सहलीस जातों तेथें कोणाचे तरी आजे-पणजे राहत आले आहेत.

एवढ्या मोठ्या शहराच्या ऐन गर्दींत हें अरण्य टिकलें कसें? याचें एक कारण पाणी. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, १८५० च्या सुमारास, मुंबई बेटाची तहान विहिरींनीं आणि तळ्यांनीं भागेना. १८५४ सालीं पाण्याचें मोठें दुर्भिक्ष पडलें. मग साष्टींच्या डोंगरांत मिठी नदी अडविण्याचें ठरलें, आणि १८६० च्या सुमारास विहार तलावाचें पाणी नळांनीं शहरांत आलें. तेंही पुरेना म्हणून १८७९ मध्यें तुळशी तलाव पुरा झाला. तलाव भरावयाचा तर त्याच्या भोवतालचें रान राखलें पाहिजे, हें उघड होतें. म्हणून पाणलोटाचा प्रदेश राखला गेला. शहर मोठें झालें, दूरदूरचीं धरणें बांधलीं गेलीं, आणि आज या दोन तलावांचें पाणी एकंदर गरजेच्या मानानें थोडेंच भरतें. पण त्यांच्यामुळें राखलेलें रान उरलें. विहार हें नांव ऐकलें कीं मला नेहमीं जुन्या बौद्ध विहारांची आठवण होते. नांवाचें मूळ तेंच असेल कीं काय, हा विचार चालतांना करमणुकीस बरा आहे.

परंतु या डोंगरांत पाणी अडविण्याची युक्ति इंग्रजांनीं आणलेली नव्हे. ती पाहण्यासाठींच आपण वर चाललों आहों.

पायऱ्या चढून गेलें कीं काळ्या खडकाचा विस्तीर्ण डोंगर समोर येतो. कान्हेरी हें नांव याच रंगावरून पडलें. येथल्या प्राकृत लेखांत ‘कण्हसेल’ म्हटलें आहे, संस्कृतांत ‘कृष्णगिरि’. लेण्यांची संख्या शंभरांहून अधिक आहे. सगळीं पाहण्याचा अट्टाहास करूं नये. एका दिवसांत तें होत नाहीं, आणि झालें तरी कांहीं लक्षांत राहत नाहीं. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य तेवढा चुकवूं नये. कार्ल्याच्या चैत्याचीच ही ठेवण, पण लहान, आणि खांबांवरचें काम मध्येंच सोडून दिलेलें. गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी बंधूंच्या दानांतून तो कोरला गेला. ओसरीच्या दोन्ही टोकांना पुढील काळांतल्या उभ्या बुद्धमूर्ति आहेत. त्यांची उंची सुमारें बावीस फूट. अकराव्या लेण्याला लोक दरबार म्हणतात. त्यांत लांबच लांब बसके दगडी ओटे आहेत. तसे वेरूळच्या पांचव्या लेण्यांत आहेत, इतरत्र क्वचित्.

माझें मन मात्र तेथें रमत नाहीं. माझें मन रमतें टांक्यांपाशीं. जवळ जवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशीं, एका बाजूस, खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हणतात. लेण्यावरच्या उघड्या कातळावर बारीक पन्हळ कोरलेले आहेत. पावसाचें पाणी त्यांतून वाहत येतें आणि टांक्यांत जमतें. वरवर पाहतां हें विचित्र वाटेल, कारण येथें चार महिने आभाळ फाटल्यासारखें कोसळतें. परंतु या काळ्या दगडावर पाणी ठरत नाहीं. पाऊस थांबला कीं ओढे थोड्याच काळांत आटतात, आणि पुढें आठ महिने कोरडे. वर्षावासासाठीं म्हणजे पावसाळ्यापुरते भिक्षू येऊन राहत, तोंवर पाण्याची चिंता नव्हती. बारमाही वस्ती करावयाची तर चार महिन्यांचें पाणी बारा महिने पुरविलें पाहिजे. म्हणून खोली कोरावयाची तेव्हां टांकेंही कोरावयाचें, असा येथला शिरस्ता पडला. कातळ कातळासारखाच राहिल्यामुळें तो हिशेब अजून चालू आहे. भर वैशाखांत मीं येथें टांक्यांत पाणी पाहिलेलें आहे.

दान देणारे कोण होते हेंही लेख सांगतात. कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याचे, चौलचे. सोनार आहेत, लोहार आहेत, भिक्षुणी आहेत. सोपारें आणि कल्याण हीं त्या काळचीं मोठीं बंदरें, आणि हा डोंगर दोहोंच्या मध्यें. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं उकरून काढला. कान्हेरीचे लेख वाचण्यांतही त्यांचा वांटा मोठा. एक मनुष्य आयुष्यभर झिजलेल्या दगडांवर डोळे रोखून बसला, म्हणून आज आपण त्या सोनारा-लोहारांना नांवानिशीं ओळखतों.

आतां एका टांक्याची गोष्ट सांगतों. ती मला फार मोलाची वाटते. पांचव्या लेण्यापाशीं पाण्याच्या टांक्यावर एक लेख आहे. आजूबाजूचे पुष्कळ लेख प्राकृतांत असतां हा संस्कृतांत आहे. तो भंगलेला आहे. त्यांतून इतकें लागतें कीं, वासिष्ठीपुत्र सातकर्णीची जी राणी, कार्दमक कुळांत जन्मलेली आणि महाक्षत्रपाची कन्या, तिच्या विश्वासू अमात्यानें, शतेरकानें, हें टांकें दान दिलें. महाक्षत्रपाच्या नांवाचें पहिलें अक्षर ‘रु’ तेवढें उरलें आहे. पुढें दगड गेला आहे. तो रुद्रदामन् असावा, असें विद्वान् मानतात.

हा रुद्रदामन् म्हणजे सातवाहनांचा कट्टर प्रतिस्पर्धी. त्याचा सुप्रसिद्ध लेख जुनागडास, गिरनारच्या पायथ्याशीं आहे. त्यांत तो अभिमानानें सांगतो कीं, दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण उघड्या युद्धांत दोन वेळां जिंकलें, परंतु नातें जवळचें असल्यामुळें त्याचा उच्छेद केला नाहीं. हें जवळचें नातें कोणतें, याचा सुगावा येथें, एका टांक्यावर लागतो. दोन राजघराण्यांच्या वैरांत एक मुलगी इकडून तिकडे दिली गेली, आणि तिच्यामुळें एक राज्य वांचलें असेल. तिचें नांव मात्र दगडानें आपणांस दिलेलें नाहीं. बापाचें अक्षर एक उरलें, नवऱ्याचें नांव उरलें, अमात्याचें उरलें, तिचें गेलें.

आणखी एक योगायोग पाहा. जुनागडचा तो लेख मुळांत पराक्रमाचा नाहींच. तो पाण्याचा आहे. इसवी सन १५० च्या सुमारास मोठें वादळ होऊन सुदर्शन तलावाचा बांध फुटला. खिंडार इतकें मोठें कीं, अमात्यांनीं दुरुस्तीस विरोध केला आणि प्रजेनें आशा सोडली. तेव्हां रुद्रदामनानें प्रजेवर कर न बसवितां, वेठ न लावितां, स्वतःच्या कोशांतून तो बांध पुन्हा बांधविला. काम सुविशाख नांवाच्या पह्लव अधिकाऱ्यानें केलें. बापाच्या कीर्तीचा लेख तलावाच्या दुरुस्तीचा, आणि मुलीचा एकुलता एक मागमूस टांक्याच्या दानाचा! एरवी दोन्ही घराण्यांचीं नाणीं आणि सनावळ्या यांवर वाद घालतांना आपण हें विसरतों.

पुढील शतकांचें थोडक्यांत सांगतों. नवव्या शतकांत राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या अमलांत, शिलाहार मांडलिक असतांना, येथें दानें चालूच होतीं. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, अविघ्नाकर नांवाचा उपासक आला आणि त्यानें शंभर द्रम्म दिले. त्याच काळच्या दुसऱ्या एका दानांत विहाराच्या डागडुजीसाठीं, भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं आणि ग्रंथांसाठीं वेगवेगळी रक्कम नेमून दिलेली आहे. ग्रंथांचा वांटा सर्वांत लहान. तेव्हांही तसेंच होतें म्हणावयाचें. नव्वदाव्या लेण्यांत पह्लवी लिपींतले लेख आहेत. १००९ सालीं आणि पुन्हा १०२१ सालीं पारशी मंडळी येथें येऊन गेली आणि त्यांनीं आपलीं नांवें, वडिलांचीं नांवें, तिथीसह कोरून ठेविलीं. भिंतींवर नांवें खरडणाऱ्या आजच्या तरुणांनीं हा दाखला पुढें करूं नये. ते लोक तिथि लिहीत असत, आणि अक्षर चांगलें होतें. पोर्तुगीज आले तेव्हां मठ ओसाड होत आला होता. त्यांच्या बखरकारानें, दियोगो द कूतोनें, एक पाद्री येथल्या भुयारांत सात दिवस भटकला तरी शेवट लागला नाहीं, अशी कथा लिहून ठेविली आहे. लेणीं पाहतां सात दिवसांची गोष्ट खरी मानवत नाहीं, पण अंधारांत मनुष्याचे दिवस मोठे होतात.

मागच्या खेपेस त्या टांक्यांपैकीं एकांत मला पाण्यावर बाटल्या तरंगतांना दिसल्या. पन्हळांत पालापाचोळा अडकला होता आणि पाणी भलत्याच बाजूनें ओघळून भिंतीवर उतरत होतें. त्या भिंतीवर एक लेख होता. अक्षरांचे कांठ इतके मऊ झाले आहेत कीं, आणखी किती पावसाळे ते वाचतां येतील, हें सांगवत नाहीं. डागडुजीसाठीं द्रम्म बाजूला काढणारे ते लोक मला त्या वेळीं फार आठवले. पहारेकऱ्यानें काठीनें बाटल्या ओढून काढल्या. पन्हळ साफ करण्याचें काम आमच्यापैकीं एका मुलीनें केलें, पहारेकऱ्याला विचारून, हातानें.

उतरतांना उन्हें कलतात आणि पाय आपोआप चालतात. बोरिवलीस पोहोंचण्यापूर्वीं एक नांव ऐकून जावें. सातवाहन यज्ञश्री सातकर्णीच्या सोळाव्या वर्षीं कल्याणच्या अपरेणुक नांवाच्या व्यापाऱ्यानें येथें लेणें दिलें, दोनशें कार्षापण अक्षयनीवी म्हणून ठेविले, म्हणजे मुद्दल कायम राखून व्याज भिक्षूंच्या वस्त्रांस द्यावयाचें. आणि त्यासोबत मंगलठाण गांवांतलें एक शेत दिलें. त्या गांवाचें नांव आज मागाठाणे. शेताचा पत्ता नाहीं, इमारती आहेत. २०२२ सालापासून तेथें मेट्रो गाडी थांबते. गाडींतील आवाज दर वेळीं तें नांव घेतो, आणि दारें उघडतात.